सामाईक बावखलाचा ओटा

सांडोर, वसई

तीर्थरूप सुधाकरदादांच्या चरणी शत्रुघ्नाचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना मानतो का, आणि जयवंतीवहिनींनी दुपारचा चहा खरोखर सोडला की फक्त तुमच्यासमोर सोडला, हे कळवावे. इकडे माणसे आणि केळी सुखरूप आहेत.

पत्रास कारण आपले बावखल. (पुण्यात राहून विसरला असाल तर: घरामागचे तळे, ज्याच्यावर आपल्या तिन्ही चुलत घरांच्या बागा जगतात.) परवा रिवाजाप्रमाणे गाळ उपसायला जमलो. घरटी एक माणूस हवे. तुमच्या घरातर्फेही मीच उतरलो, पण ते असो. गुडघाभर चिखलात उभा राहून आपला भूपेश म्हणाला, "दादा, माझा तिसरा हिस्सा मोजून दे. बुजवतो नि गाडी लावतो." तेवढे बुजवले की उरलेल्याचे झरेही मरतील, हे सांगून पाहिले. त्याला झऱ्यापेक्षा गाडीची काळजी. म्हणून मी शब्दापासून सुरुवात केली.

(माझी शाळा नववीत सुटली, शब्दकोश सुटला नाही, हे तुम्ही जाणताच.) सातबाऱ्यावर आपण तिघे 'सामाईक' आहोत. माझ्या मते हा शब्द 'सम' आणि 'आय' यांच्यातून आला, म्हणजे बरोबरीची मिळकत. काही विद्वान वेगळे सांगत असतील, पण त्यांना बावखल नाही. सामाईक म्हणजे ही कड तुझी, ती माझी, असे नव्हे. वाटणी होईपर्यंत प्रत्येक थेंबात आणि काठच्या प्रत्येक दगडात तिघांचा हक्क. एकट्याने ओंजळभरही बुजवायचे नाही. सगळ्यांचे पाय चिखलात रुतलेले असल्यामुळे मध्येच कोणी निघून गेले नाही. भूपेशला पटले.

दुर्दैवाने त्याच्या बायकोलाही पटले. रीमा काठावर गाळाच्या टोपल्या घेत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुणे घेऊन थेट माझ्या ओट्यावर. (गेल्या वर्षी मी स्वतः बावखलाच्या काठी, पाण्याकडे बोटभर उतार ठेवून बांधलेला. संध्याकाळी तिथे पाय सोडून बसणे हा माझा एकमेव शौक.) मी घसा खाकरला. ती म्हणाली, "काठावरच आहे ना, दादा? प्रत्येक दगडात म्हणालात." पुढे तिने शेजारच्या मार्गारेटलाही आणले. सामाईकात पाहुणा चालतो का, हे कोणत्याच कोशात नाही. आता सकाळी धुणे, दुपारी पापड, संध्याकाळी भूपेश आणि त्याचा मोबाइल. बुजवायचे नाव काढत नाही. म्हणतो, इथे गार वाटते. बावखल वाचले. मी उभा असतो.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
शत्रुघ्न

ता. क. बावखल सामाईक राहावे, मात्र ओट्याची वाटणी व्हावी, असे थोरलेपणाने तुम्हीच भूपेशला लिहावे. मला बोलायची सोय उरली नाही. माझे व्याख्यान रीमाला पाठ आहे.

ता. क. दुसरा. पत्र सौ. रंभेने वाचले. एवढ्या वर्षांत घरामागे बोलायला कोणी आले नव्हते, आता येतात, असे तिचे म्हणणे. "वाटणी मागून बघा, मी रीमाच्या हिश्शात जाईन," म्हणाली. तरी वरचा ता. क. वाचला नाही असे समजावे.

ता. क. तिसरा. तुम्ही काही इथे बसायला येत नाही. तर ओट्याची पायरीकडची कड तुमची, असे समजून तिथे बसायची मला लेखी परवानगी द्यावी. रीमाला दाखवायला लागेल.