तीन नंबरची केबिन

ता. १४, मंगळवार

प्रिय ठमे,

आशीर्वाद. तुझी सुट्टी बरी चालली असेल. आईच्या हातचं खाऊन गाल वर आले असतील. चौथा महिना लागलाय, आता जिने धावत चढणं बंद. इकडे टोलनाका जागच्या जागी आहे, ट्रकही तेवढेच, आणि मी वर ऑफिसात काच बंद करून बसते. परवा तुझ्या केबिनची खिडकी पुसायला गेले, तर पहिल्याच हाताला फडकं काळं झालं.

फडक्यावरून आठवलं, असं लिहिणार होते. खोटं कशाला? आठ दिवस दुसरं काही डोक्यातच नाही. फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवून दिला.

गेल्या वर्षी नाक्यावरची हवा तपासायला एक डॉक्टरबाई आल्या होत्या. आम्हा सगळ्यांना कॉलरला लावायला मुठीएवढं यंत्र दिलं, आणि रक्तही घेतलं. आकडे वाईट आले तर बायकांची केबिनमधली ड्यूटी बंद करतील, अशी कुजबुज होती. म्हणून मी शक्कल लढवली. ड्यूटी सुरू झाली की यंत्र मागच्या कपडे बदलायच्या खोलीत खुंटीला अडकवायचं, सुटताना परत कॉलरला. आठवडाभर. बाकीच्या हसल्या, मी मोठी शहाणी ठरले. माझ्या तीन नंबरच्या केबिनची हवा ठीक आहे, असा कागद आला. तुला नाक्यावर नको म्हणणाऱ्या आईला मी तोच कागद दाखवून गप्प केलं आणि तुला माझ्या जागी बसवलं.

आता रक्ताचा निकाल आलाय. बाई दोन्ही कागद समोर ठेवून बसल्या. म्हणाल्या, "हवा इतकी चांगली, मग तुमच्या पेशींमधले धागे इतके तुटलेले कसे?"

आईबापांकडून आपल्याला येतात आणि आपल्याकडून पोरांना जातात, ते धागे. धुरातली अगदी बारीक धूळ श्वासातून रक्तापर्यंत पोचते म्हणे. थोडंफार शरीर सांधतं, पण रोजच तुटायला लागलं तर ते पुरं पडत नाही. मी खुंटीचं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

माझी दोन पोटातच गेली ती यानेच का, हेही विचारलं. ते कुणालाच सांगता येणार नाही, म्हणाल्या. तुझं सांगितलं तेव्हा मात्र थांबल्या नाहीत. "तिला आधी तिथून उठवा."

तर ऐक. साहेबांना सगळं लिहून दिलंय. सोमवारी तू वर माझ्या खुर्चीवर बसायचं. रुसायचं असेल तर तिथे बसून रूस, वर्षभर बोलू नकोस, चालेल. तुझ्या डॉक्टरांना मात्र खरं सांग, आणि आईला तो कागद फाडायला सांग.

मोजणी पुन्हा आठवडाभर होणार आहे. बाकीच्या चौघी अजून खालीच बसतात. त्यांच्यासाठी तरी खरा आकडा यायला हवा.

या खेपेला यंत्र कॉलरलाच ठेवून, तीन नंबरमध्ये बसणारी,

तुझी ताई