पल्याडच्या काठाचं गाणं

माय, माईक तू आयुष्यात एकदाच हातात धरलास, धाकट्या मावशीच्या लग्नात, आणि लगेच परत देऊन टाकलास. "माले भोंगा कसाले पाह्यजे?" असं म्हणून तू पदर खोचलास आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं गायलीस. वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले. मी तुझ्या मागे उभी होते, आणि ही माझी आई आहे म्हणून माझी मान ताठ झाली होती. ती या उन्हाळ्यात पुन्हा ताठ झाली, म्हणून तुला सांगायला बसले आहे.

झालं असं, की जळगावचा एक तरुण संगीतकार आखाजीच्या सणाच्या गाण्यांचा संच करायला निघाला. त्याला कुणीतरी तुझ्या गाण्याबद्दल सांगितलं. तेच ते, पल्याडच्या गावच्या सुनांच्या पुरणाच्या मांड्यांना भोकं पडतात म्हणून डिवचणारं. आखाजीला माहेरी आलेल्या आम्ही सगळ्या तुझ्यामागे नदीवर जायचो. मधे पांझरेचं कोरडं पात्र, समोरच्या काठावर पल्याडच्या बाया, आणि गाण्यातून एकमेकींचा उद्धार. त्यांचं उत्तर आल्याशिवाय तू जागची हलायची नाहीस. मला तू तिथेच शिकवलंस, "पल्याड आयकू जाई असं म्हन. शेजारनीसाठे नही गात आपुन." तू गेल्यावर ते गाणं पूर्ण येणारी मीच एक उरले आहे. तुझा आवाज कुणी कधी टेपात घेतला नाही. तेव्हा कुणाला वाटलं होतं की लागेल म्हणून?

त्या मुलाने माईक पाठवला आणि सांगितलं, "घरीच रेकॉर्ड करा, मावशी." मी देवपुरातल्या आमच्या हॉलमध्ये बसले, वीतभर अंतरावर माईक ठेवला आणि पल्याडच्या काठाला ऐकू जाईल असं गायले. दुसरं मला येतंच कुठे? संध्याकाळी त्याचा फोन आला. "मावशी, आवाज फाटतोय. फरशीवरून घुमतोय. आणि 'पल्याड' म्हटलं की माईकवर धपकन काहीतरी आदळतंय." मग मी पंखा बंद केला, चादरी टांगल्या, तुझ्या जावयांना कुकर लावायची बंदी केली. घामाघूम होऊन पुन्हा गायले. पुन्हा तेच. शेवटी तो अगदी अदबीने म्हणाला, "तुम्ही चाल तेवढी शिकवा. आपण दुसऱ्या गायिकेकडून म्हणवून घेऊ." त्या बाईंचा नमुनाही त्याने ऐकवला. फार गोड आवाज, आणि तिथेच सगळी पंचाईत. तुझं गाणं ऐकून पल्याडच्या बाया चिडायला हव्यात. ही तर त्यांना जेवायला बोलावत होती. मला राग आला माय, चांगलाच आला. मी त्याच्याकडून आखाजीपर्यंतची मुदत मागून घेतली आणि माईक पिशवीत घालून माहेरी आले. या वेळीही जमलं नाही, तर तुझं गाणं त्या गोड गळ्यातून जाणार होतं.

घरी पुढच्या खोलीत कापूस भरलेला होता, पार आढ्यापर्यंत. भाव वाढेल म्हणून भाऊ अजून थांबला आहे. तो दरवर्षीच थांबतो. दारातली जरा जागा तेवढी मोकळी होती. तिथे उभी राहून मी भावाला हाक मारली आणि माझी मलाच ती परकी वाटली. कुठे घुमली नाही, कुठे आदळली नाही. मी माईक तिथेच मांडायला घेतला, तर भाऊ हसायला लागला, "अक्का, आते कापूसमा बठीसन गाशी का? बठ्ठा कापूस लुगडाले चिकटी, मंग माले सांगजो नको." चिकटला खरा. पण गाऊन, लावून ऐकलं, तर घुमणं गेलेलं. फाटणं आणि तो धपका मात्र तसाच राहिला, आणि मी रडकुंडीला आले.

वहिनीने तेवढ्यात मांडे करायला बोलावलं. चुलीवर खापर पालथं तापलेलं, आणि मी पुरणाचा उंडा हातावर घेऊन दोन्ही हातांवर मांडा फिरवायला लागले, तर माझं तोंड आपोआप डाव्या खांद्याकडे वळलं. आणि एकदम मी पुन्हा लहान आहे, परकर सावरत तुझ्या शेजारी बसले आहे. मांडा तुझ्या कोपरापर्यंत पसरला आहे, इतका पातळ की आतलं पुरण दिसतं. मी तोंड पुढे करून काहीतरी विचारते आणि तू ओरडतेस, "तोंड बाजूले कर वं! मांडावर थुका पडी." तुझं स्वतःचं तोंड तर वळलेलंच आहे, आणि तू तेच गाणं म्हणते आहेस, पल्याडच्या सुनांचं, अगदी हळू. आवाज लहान, पण खोचकपणा तसूभर कमी नाही. नदीवर तुला सगळ्या जणी ऐकायच्या. हे चुलीपुढचं फक्त मी ऐकलेलं आहे.

हात धुतले आणि तशीच कापसाच्या खोलीत गेले. समोर माईक नाही, मांडा आहे असं धरलं. तोंड जरा बाजूला केलं, आवाज चुलीपुढचा लावला, आणि पल्याडच्या बायांवरचा राग होता तसाच ठेवला. 'पल्याड' म्हटलं, धपका नाही, फाटणंही नाही. त्या मुलाचा दुसऱ्याच दिवशी फोन, "मावशी, कुठल्या स्टुडिओत गेलात?" मी म्हटलं, "भावाच्या कापसात." तो हसला आणि म्हणाला, "आता दुसरं कुणी नको." गाणं बाहेर आलंय माय. भाऊ ते ट्रॅक्टरवर लावून गावभर हिंडतो. मला तुझा फार अभिमान वाटतो, आणि या वेळी थोडा माझाही.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, भावाला तर नाहीच. तो चावडीवर वाचून दाखवेल. पण तुला एक सांगते. हॉलमधलं ते पहिलं, फाटलेलं गाणं मी पुसलेलं नाही. कधी ऊन उतरलं की गच्चीवर जाते, पांझरेकडे तोंड करून ते मोठ्याने लावते. हीच नदी पुढे आपल्या गावाकडे जाते. आणि गाणं संपलं तरी मी लगेच खाली उतरत नाही. पल्याडून उत्तर यायचं असतं ना, म्हणून थांबते.