संध्याकाळी सातचं बीपी

४ फेब्रुवारी, मंगळवार
पुन्हा १७०! दोन गोळ्या चालू असताना! घरात शिरलो, बॅग टाकली आणि आधी हिचा दंड धरला – रोजच्यासारखा. पट्टा फुगत असतानाच विचारून घेतलं – फिरून आलीस का, मीठ किती घातलंस, दुपारी झोपलीस का. ही नुसती मान हलवते. चोरून खारं खात असणार, दुसरं काय! दिवसभर गावाचं बीपी ताळ्यावर आणायचं आणि घरात हा कारभार. आजपासून तिसरी गोळी.

५ फेब्रुवारी
मिठाची बरणी माझ्या कपाटात ठेवली. कुलूप लावून. ही हसली. मला हसू आलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
दवाखान्यात शेजारणीचा फोन. ही अंथरुणातून उठली, उभी राहिली आणि धाडकन कोसळली. डावं मनगट मोडलं.
धावत हॉस्पिटल गाठलं. नर्सने मी पोचायच्या आधीच बीपी घेतलं होतं – झोपून ११०, उभं करून ८०. मी स्वतः घेतलं तर १५०! नर्सवर डाफरलो, मशीन बदलायला लावलं. दुसऱ्या मशीनवरही तेच – तिने घेतलं की कमी, मी घेतलं की १५०.
उभं राहिल्यावर बीपी पडतं, ते गोळ्या जास्त झाल्यामुळे. गोळ्या कोणी वाढवल्या? मी. दवाखान्यात प्रत्येक वयस्कर पेशंटला उभं करून मोजतो. हिला एकदाही मोजलं नाही. तिसरी गोळी बंद केली.

११ फेब्रुवारी
सकाळी मुलीचा फोन. "बाबा, आईला निदान पेशंटसारखं तरी वागवा!" मी फोन आपटला.
पण दिवसभर स्वतःकडेच बघत होतो. प्रत्येक पेशंटला आधी खुर्चीत पाच मिनिटं बसवतो. पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, बोलायचं नाही. "घाबरू नका हं आजी" म्हणतो – आवाजात साखर! मग पट्टा. हिला मी कधी बसवलं? कधी म्हणालो घाबरू नकोस?

१४ फेब्रुवारी
चोवीस तासांचं यंत्र बांधलं तिच्या उजव्या दंडाला. थोड्या थोड्या वेळाने आपोआप फुगतं, आकडा साठवतं. "रात्रीसुद्धा?" ती म्हणाली. "म्हणजे आता स्वप्नातही मोजणार तुम्ही!"

१६ फेब्रुवारी, रविवार
यंत्रातला आलेख माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला पाठवला. आता मोठा हृदयरोगतज्ज्ञ झालाय. पेशंट कोण ते सांगितलं नाही. स्वतःच्या बायकोचं बीपी आवरता येत नाही, हे त्याला कशाला कळायला हवं!
दुपारी त्याचा फोन. "सर, बाई ठणठणीत आहेत. दिवसभर ११५–१२०, झोपेत शंभरच्या आसपास. दिवसाच्या हालचालीतही फार वाढत नाही. फक्त संध्याकाळी सातला एकदम १७२. तासाभरात उतरतं." मग हसत म्हणाला, "सर, सातला यांच्या घरी येतं कोण?"
"बघतो," म्हणालो.
मी येतो. सातला मीच येतो.

१७ फेब्रुवारी
मी आलो की ही रेडिओ बंद करते. इतकी वर्षं वाटायचं, माझं डोकं शांत राहावं म्हणून करते. केवढा मोठा गैरसमज! स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.
माफी मागायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. नुसती मिठाची बरणी परत ओट्यावर ठेवली. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला – "बरं वाटत नाहीये का?"

२० फेब्रुवारी
आज विचारलंच. "माझी भीती वाटते तुला?"
"छे! भीती कसली? तुम्ही कधी हात तरी उगारलात का?"
"मग?"
ती प्लास्टरच्या कडेशी चाळा करत म्हणाली, "परीक्षेला बसल्यासारखं वाटतं हो. रोज. आणि रोज नापास."
मी सांगितलं, यापुढे घरात मी मोजणार नाही. ती "बरं" म्हणाली – मी गोळी दिल्यावर म्हणते तसंच.

२४ फेब्रुवारी
दोन दिवस परिषदेसाठी बाहेरगावी. निघायच्या आधी तिला विचारून यंत्र पुन्हा बांधलं. मी घरात नसताना सातचं बीपी चढणार नाही, याची खात्री आहे. मग इलाज सोपा – औषध नाही, मीच बदलायचं. उशिरा का होईना, जमेल मला.
संध्याकाळी भाषण सोडून खोलीत येऊन बसलो. मुद्दाम फोन केला नाही.

२६ फेब्रुवारी
आलेख बघितला. सातला १६८.
घरात कोणी आलं नव्हतं. फोनही नव्हता. "काय करत होतीस त्या वेळी?"
"काही नाही. बसले होते." मग माझी कीव आल्यासारखी हळूच म्हणाली, "काय करू, सात वाजले की कान दाराकडेच जातात."