सुट्टीतला एक टी

जळगाव, गुरुवार, ऑक्टोबर १९९९

आज शेवटी स्वतःच नेटकॅफेत जाऊन पाहिलं. आमचं पान इंटरनेटवर टाकताना तो जाहिरातवाला छातीठोकपणे म्हणाला होता, "नाना, जगात कुठूनही शोधा, तुमचंच दुकान पहिलं!" त्यानं दाखवलं तेव्हा आलंही होतं पहिलं. आज मी नुसतं 'केळी वेफर्स' शोधलं, तर पानामागून पानं गेली, आमचा पत्ताच नाही. 'मधली सुट्टी' हे दुकानाचं नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं की मात्र लगेच हजर. म्हणजे ज्याला नाव आधीच ठाऊक, त्यालाच दुकान सापडणार. चक्क बनवलं मला! तावातावानं त्याच्याकडे निघालो, आणि वाटेतच थबकलो.

नाव ठाऊक असलेला एक जण आहे की. अरुण. माझा धाकटा मुलगा. दुकानाचं नाव त्यानंच ठेवलेलं, पाटीही त्यानंच रंगवलेली. भांडून घर सोडताना म्हणाला होता, "नाना, दुकान तुन्हं शे, पन नाव मन्हं शे." तेव्हापासून पत्र नाही. दुबईत आहे म्हणतात. बसत असेल का कधी तोही अशा मशीनपुढे? टाकत असेल का नाव?

पण पाटीवर इंग्रजीत सुट्टी लिहिताना त्यानं एकच टी रंगवला होता. जाहिरातवाल्यानं इंटरनेटवरच्या पानावर शहाणपणानं दोन केले. परत कॅफेत गेलो, एकाच टीनं नाव टाकून पाहिलं. काहीच आलं नाही.

अरुण एकच टाकणार.

भांडण राहू दे. उद्या त्या जाहिरातवाल्याला सांगतो, बाबा रे, तेवढा एक टी काढ.