जर्मन पिस्तुलाचा खरा दाखला

मी, उकंडराव दगडोबा इंगोले, वय ७२, पूर्वी सरकारी शस्त्रागारात आर्मोरर म्हणजे हत्यारदुरुस्तीच्या कामाला, आता घरीच, रा. कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. काळीज कमजोर झाले आहे असे डॉक्टर सांगतात; डोके शाबूत आहे. मला कोणी पाजलेले नाही, धमकावलेले नाही. उलट मुलाला कळले तर तो हा कागद फाडील, म्हणून घाईने लिहितो आहे.

१) राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नी नीलाबाईस. तिच्या हयातीत घराला कोणी हात लावायचा नाही.

२) माझ्या कानशी, पान्हे व लोखंडी पेटी मोटार-दुरुस्तीवाल्या बुद्धभूषणला. दहा वर्षे मागत होता, मी हटवादीपणाने दिली नाहीत. हत्यार जपणारा माणूस आहे.

३) पिस्तूल. हेच खरे कलम. मुलगा शिवप्रसाद याने पुण्याहून जुन्या हत्यारांचा एक पारखी आणला होता. तो भिंग लावून दोन तास बसला आणि म्हणाला, घराण्याचा पूर्वेतिहास लिहून सही करा, मोल दुप्पट होईल. शिवप्रसादने मजकूर टाइप करूनही आणला. आजोबांचा पराक्रम दोन पाने, आणि सन १९९४ बद्दल एक अक्षर नाही. मी सही केली नाही. हत्याराचा दाखला लिहिण्यात माझी सारी नोकरी गेली, तो मीच लिहितो.

जर्मन बनावट, नऊ मिलिमीटर, सन १९४३. वरच्या सरकपट्टीवर आणि सांगाड्यावर क्रमांक एकच, म्हणजे मूळची जोडी. नळी आतून स्वच्छ. सुरक्षेचा खटका झिजून ढिला. मुठीवर कोर्टाच्या लाखेचा डाग. मागच्या अंगाला गंजाचे बारीक खड्डे आहेत. पारखी म्हणाला, दमट हवेने. हवेने कसले! ओल्या हळदीने. आमच्याकडे खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांच्याबरोबर हेही पूजेला मांडत. माझी आई रुख्मिणीबाई दर साली हळदीकुंकवाचे बोट त्याच्या पाठीवर ओढी, आणि पुजलेले पुसू देत नसे. थरावर थर चढत गेला.

वडील दगडोबा लढाईत इटलीला खेचरांच्या पलटणीत होते. जर्मन अधिकाऱ्याच्या हातून हिसकावले, असे सांगत. मरताना मला म्हणाले, कैद्यांनी टाकलेल्या ढिगातून उचलले होते. बाप खोटे बोलला, पण त्याच्या खोट्याने कोणी मेले नाही.

या पिस्तुलाला मागे एक बारीक खिळी असते. नळीत गोळी असली की ती बाहेर येते, अंगठ्याला लागते. १९९४ च्या नवरात्रात हळदीच्या वावरात रानडुकरे शिरली. मी शस्त्रागारातून चोरून आणलेल्या तीन गोळ्या भरल्या, दोन झाडल्या. तिसरी आपोआप नळीत चढली. तिन्ही झाडल्या असे समजून मी मॅगझिन काढले, अंगठा फिरवला, सपाट लागले. खिळी बाहेरच होती, पण कुंकवाच्या थरात बुडालेली. सरकपट्टी मागे ओढून डोळ्याने बघायचे, हे मी शेकडो शिपायांना शिकवले. स्वतः बघितले नाही. पूजा मांडल्यावर शंका आली, तर आई म्हणाली, मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं न्हाई. मीही बरे म्हणालो.

दसऱ्याच्या सकाळी भावजय अनुसयाबाई पूजा उचलायला बसली. धाकटा भाऊ शिवहार, तिचा नवरा, समोर झेंडूचे तोरण ओवत होता. पिस्तूल उचलण्याआधी तिने मला विचारले, "भावजी, रिकामं हाय ना?"

मी चहा पीत होतो. म्हणालो, "व्हय, बघितलंय. उचल बिनघोर."

फडक्यात गुंडाळताना चाप अडकला. शिवहारच्या गळ्यात गोळी लागली. पाणी मागायलाही त्याला वेळ मिळाला नाही.

पोलीस यायच्या आत मी झाडलेल्या गोळीचे रिकामे नळकांडे उचलले. त्यावर सरकारी छाप होता. वडिलांच्या पेटीतले जुने तिथे टाकले. जबाब दिला की मी रिकामे करून ठेवले होते, हिनेच गोळी घातली असावी. नोकरी जाईल, बेडी पडेल, एवढेच मला दिसत होते. कोर्टाने पिस्तूल परवानेदार म्हणून मला परत दिले. अनुसयाबाई पुराव्याअभावी कोर्टातून सुटली. गावाने सोडली नाही. आईने तिला जवळा बाजारला माहेरी घालवले आणि तिची सहा वर्षांची लेक मोहिनी ठेवून घेतली. तुझ्या मायनं तुझा बाप मारला, हे ऐकत ते लेकरू आमच्या घरात वाढले. मी तिथेच जेवत बसलेला असे. मोहिनी आजवर आईशी बोललेली नाही. अनुसयाबाईला तर आपल्या हातून काय दाबले गेले हेही कधी कळले नाही. ती स्वतःलाच दोषी धरून जगली. एकदा बाजारात दिसली, तर तिनेच मान खाली घातली. मी मान ताठ ठेवून पुढे गेलो. मी नीच माणूस आहे.

४) शिवहारच्या वाट्याची तीन एकर, जी मी हक्कसोडीच्या कागदावर अनुसयाबाईची सही घेऊन माझ्या नावावर केली, ती आणि माझी स्वतःची दोन एकर अनुसयाबाईस. शिवप्रसादने भांडू नये. त्याच्या शिक्षणाला त्याच वावराची हळद लागली आहे.

५) पिस्तूल विकायचे नाही. मी मेल्यावर ते ठाण्यात जमा करून मोडीत काढावे. सरकारी छापाचे नळकांडे पाकिटात सोबत जोडले आहे.

६) अंत्यविधीला अनुसयाबाईला बोलावू नये. आली तर तिला पहिल्या रांगेत बसवावे.

साक्षीदार म्हणून मी मुद्दाम मोहिनीला बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकील म्हणाले. मी तिला वाचायला सांगणार आहे. तोंडाने सांगायची माझी छाती होत नाही.

मुक्काम कुरुंदा, दि. १४ नोव्हेंबर २०२५

उ. द. इंगोले
(दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली)

साक्षीदार १: डॉ. पल्लवी खिल्लारे, वसमत. लिहून देणार शुद्धीवर आहेत.

साक्षीदार २: मोहिनी शिवहार इंगोले. पूर्ण वाचले. काका रडत होते, मी थांबवले नाही. सही केली आहे. जवळा बाजारची गाडी साडेतीनला आहे, मी निघाले.