कोट मापाचा नाही

रविवार, १० तारीख, दुपार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. इकडे आम्ही ठीक. आम्ही म्हणजे मी आणि खिडकीतली दोन रोपं, त्यातलं एक या आठवड्यात गेलं. गुडघा दुखतो, पण आता तो दुखला नाही तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं होईल.

तुझ्या पट्टीसाहेबांची पाठ कशी आहे? जखम सुकतेय असं तू लिहिलंस, पण त्या ओळीत तुझं अक्षर बारीक झालंय. त्यांना कुशीवर वळवताना एकटीने ओढू नकोस, खालच्या बाईंना हाक मार. चादर सरकवून वळवायचं, दंड धरून नाही. नर्सने दाखवलं तेव्हा मी तिथेच होते.

फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी लगेच विषय बदलते. कागद मला मध्येच थांबवत नाही.

तू तीन गोष्टी विचारल्यास. गुरुवारी मुलाखतीला आल्यावर कशी बसू, काय घालू, आणि भाऊजींचा कोट माझ्या मापाचा कापून घेऊ का. कोटाचं शेवटी सांगते.

बसण्याचं आधी. आमच्या ऑफिसच्या बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आहेत. खिडकीजवळची निळी घेऊ नकोस. ती आमच्याच कारखान्यात बनली आणि कधी विकली गेली नाही, कारण तिची बैठक फार खोल आहे. तिच्यात बसलं की गुडघे वर येतात आणि पोट दुमडतं. कितीही तरतरीत माणूस असो, तिच्यात दमलेलाच दिसतो. ती तिथे मुद्दाम ठेवलेली आहे. तू दाराजवळच्या लाकडी खुर्चीत बस. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, त्याच्याकडे सारखं बघू नकोस. पाण्याचा जग लांबच्या टेबलावर असतो. तहान लागली तर सरळ उठून घे. आणि पाय वर घेऊ नकोस. आई म्हणायची ना, 'ठमे, खुर्ची बसायला असते, चढायला नाही.'

घालायचं म्हणशील तर राखाडी कपडे घाल, ते तुला बरे दिसतात. बुटांच्या टाचा झिजल्या असतील तर त्या आधी बदलून घे. समोरून कितीही चकाकी आणलीस तरी आत जाताना माणसाची पाठ दिसते, आणि पाठीबरोबर टाचा.

तू म्हणशील, ताई, मुलाखत आत असते, बाहेरच्या खुर्चीचं एवढं काय घेऊन बसलीस?

मुलाखत बाहेरच होते, ठमे.

अठरा वर्षं मी त्या खोलीत स्वागताच्या टेबलावर आहे. तुम्हा सगळ्यांना वाटतं, मी फोन घेते आणि आलेल्याला बसा म्हणते. तुझे भाऊजी मला 'बसा-बाई' म्हणायचे. ते काम मी करतेच. पण माझ्या ड्रॉवरमध्ये छापील चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा असतो. बसण्याची ढब, हात, नजर, कपडे, बूट, आणि शेवटी एका शब्दात मत. आलेल्या माणसाला मुद्दाम अर्धा तास बसवून ठेवायचं आणि मी लिहायचं. त्याचा अर्ज आत जातो तेव्हा ती चिठ्ठी वर टाचलेली असते. भरतीच्या बाई आधी चिठ्ठी वाचतात, मग माणूस बघतात. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझ्या भाऊजींनाही नाही.

मी कुठे चालले आहे ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. तरी मला क्रमाने सांगू दे.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. पट्टीसाहेबांचं ऑफिस बंद पडून तेव्हा अकरा महिने झाले होते. आमच्याकडे आराखडे काढणाऱ्याची जागा निघाली, आणि ती मीच तुम्हाला कळवली. तू म्हणालीस, यांच्याकडे धड कोट नाही. मी तुझ्या भाऊजींचा कपाटातून काढला आणि घेऊन आले. तू तो त्यांच्या अंगावर चढवलास, तोंडात टाचण्या धरून भोवती फिरलीस आणि म्हणालीस, 'अगं, हा कोट यांनी घातलाय की कोटाने यांना? जरा खांदे आत घेते.' मी म्हटलं, कात्री लावू नकोस, खांद्यांकडे कोण बघतंय.

मी बघते. खांद्यांकडे बघण्याचाच मला पगार देतात. पण मला तो कोट परत हवा होता, जसाच्या तसा. त्याच्या कोपरांवर अजून तुझ्या भाऊजींच्या हातांच्या वळ्या होत्या.

निघताना पट्टीसाहेब मला जिन्यापर्यंत सोडायला आले. तेव्हा मी त्यांना सांगितलं, 'तिथे ओळख दाखवू नका. माझ्याकडे बघूच नका. नातं कळलं तर तुमचंही जाईल आणि माझंही.' ते हसले. 'काळजी नको, ताई. मी भिंतीकडे बघेन. भिंती आखण्यातच जन्म गेलाय.'

आणि ते तसेच वागले. ते निळ्या खुर्चीत बसले, कारण ती घेऊ नका हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. कोटाचे खांदे कानांपर्यंत चढले. मनगटं बाहीत हरवली म्हणून ते सारखी बाही मागे सारत होते. चाळीस मिनिटं त्यांनी समोरच्या कोऱ्या भिंतीवरून नजर हलवली नाही. माझ्या टेबलावर फोन वाजला तेव्हा बाकी सगळ्यांनी इकडे बघितलं. त्यांनी नाही.

मी लिहिलं: 'खुर्चीत खचून बसतात. कोट मापाचा नाही, दुसऱ्याचा असावा. नजर चुकवतात.' आणि मताच्या जागी: 'थकलेले.'

सवयीने हात चालला, असं मी दीड वर्ष स्वतःला सांगते आहे. ते खरं नाही. नजरेच्या रकान्याशी पेन थांबलं होतं. चांगलं लिहावं तर कुणी विचारेल, कोरं सोडावं तरी कुणी विचारेल. शिवाय, हे लिहायला मला फार जड जातंय, त्या घटकेला मला तिथे तुझा नवरा दिसलाच नाही. दुसऱ्याचा कोट घातलेला एक बेकार माणूस दिसला. वर्षानुवर्षं असंच बघितलं की घरचं माणूसही असंच दिसतं.

आत ते सहा मिनिटं होते. बाहेर आले, दाराशी थांबून कोटाची बटणं काढली, पुन्हा लावली आणि भिंतीकडे बघत निघून गेले.

त्यानंतर त्यांनी अर्ज करणं सोडलं. दोन महिन्यांनी गोदामातलं काम धरलं, आणि तिथल्या फळीवरून पडले. तू नशीब म्हणतेस. मीही हो म्हणत आले.

दवाखान्यातला चौथा दिवस आठवतो तुला? तू त्यांना चमच्याने पाणी पाजत होतीस. त्यांनी मान वळवली, माझ्या डोळ्यांत बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, 'ताई, आता बघतोय ना मी सरळ?' तू म्हणालीस, 'औषधाची गुंगी आहे गं, काहीही बोलतात.' मी हसले. मग तूही हसलीस.

गुंगी नव्हती ती. 'नजर चुकवतात' हे माझं वाक्य त्यांना आत वाचून दाखवलं असणार. बाहेरच्या खोलीत लिहिणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं, हे त्यांना लगेच कळलं असणार. म्हणजे त्या दिवसापासून त्यांना ठाऊक आहे. तू प्रत्येक पत्रात लिहितेस, 'तू शब्द टाकला होतास, आमचंच नशीब फुटकं.' ही पत्रं तू त्यांना वाचून दाखवतेस, असंही लिहितेस. ते ऐकून घेतात आणि काही बोलत नाहीत. तुला बहीण उरावी म्हणून, दुसरं काय.

परवा शुक्रवारी मी भरतीच्या बाईंकडे गेले. म्हटलं, गुरुवारी तक्रारी घेण्याच्या जागेसाठी जी येतेय ती माझी सख्खी बहीण आहे. तिची चिठ्ठी मी लिहिणार नाही.

त्यांनी कागदावरून मानही वर केली नाही. 'मग तर तुम्हीच लिहायला हवी. मेहुण्यांची लिहिलीत की.'

'तुम्हाला माहीत होतं?'

'अर्जात जवळच्या नातेवाइकांच्या रकान्यात तुमचं नाव होतं. ती चिठ्ठी वाचली तेव्हाच मला तुमची खात्री पटली.'

तो रकाना तूच भरला असशील. फॉर्म भरायचा त्यांना कंटाळा. म्हणजे लपवायला काही नव्हतंच, ठमे. मी त्यांना चाळीस मिनिटं भिंतीकडे बघायला लावलं ते उगाच.

गुरुवारी चिठ्ठी माझ्याच हातात असेल. मी ती कोरी देणार आहे. आजवर एकही कोरी दिलेली नाही, तेव्हा काय होईल ते मला माहीत नाही. तुझी जागा जाईल, माझी जाईल, किंवा बाई वैतागून तुला आत बोलावतील आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. त्या जागेवर तुमचं घर उभं राहायचं आहे, म्हणून हे तुला आधीच कळायला हवं होतं. पत्र उद्या टाकलं की बुधवारी पोचेल. विचार करायला एक संध्याकाळ मिळेल. आणखी वेळ द्यायला हवा होता, पण हे पत्र मी आठ दिवसांत चारदा फाडलं.

आलीस तर लाकडी खुर्ची घे. माझ्याकडे बघायचं की नाही, आणि कसं, ते मी तुला सांगणार नाही.

हे त्यांना वाचून दाखवायचं की नाही तेही तूच ठरव. त्यांना यात नवीन काही नाही.

कोट काप. खांदे, बाह्या, जिथे लागेल तिथे कात्री लाव. उरलेले तुकडे मला पाठवू नकोस.

लोभ असावा, असं इथे लिहायचं असतं. ते मागायला माझा हात होत नाही.

तुझी,
अजून म्हणवत असेल तर,
ताई