भिंतीशी लावलेला बर्फ

विनिपेग, ता. ३ ऑक्टोबर १९९६

ती. स्टेफाताईस,
मेत्रोचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तळघरात लाकडं उतरवताना तुझी पायरी चुकली, हे तू बीटच्या लोणच्याच्या बातमीखाली, अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंस. मी शेवटपर्यंत वाचतो गं! शहात्तर वर्षांची झालीस, गुडघा गेलाय, आणि घर उबदार ठेवायला अजून लाकडाची भट्टी पेटवतेस. तुमच्या गल्लीत गॅस आलाय ना? मग गॅसची भट्टी बसवून घे. बसवणारा मात्र परवानावाला हवा. चर्चमध्ये गाणारा तो वासिल नको, त्याला सगळंच येतं.

आता पैज. आपल्या युक्रेनी नाताळपर्यंत, म्हणजे सात जानेवारीपर्यंत, भट्टी एकदाही बंद पडली नाही तर मी घर विकायचा विषय पुन्हा काढणार नाही. पडली, तर घर विकायचं आणि आमच्याकडे राहायला यायचं. पॉलीनने तुझ्यासाठी खोली रंगवायला घेतलीसुद्धा.

माया वाढव, हट्ट तेवढा कमी कर.
तुझा धाकटा,
मेत्रो

डॉफिन, ता. २१ ऑक्टोबर

चि. मेत्रोस अनेक उत्तम आशीर्वाद.

पैज कबूल. बाबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं घर एका रंगवलेल्या खोलीपायी मी सोडायची नाही. तुझ्या बायकोला सांग, रंग वाया गेला.

भट्टी बसली. बसवायला आली ती एक मुलगी! रॉझ पेल्टिए तिचं नाव. आधी परवाना दाखवला, मग बूट काढले, तेव्हाच मला आवडली. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते निरखत बसली. वासिल असता तर नुसतं हुंगून मोकळा झाला असता. या भट्टीला धुराडं लागत नाही म्हणे. भिंतीतून गुडघाभर उंचीवर दोन पांढऱ्या नळ्या काढल्यात. एकीतून हवा आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. विषारी वायू साठला तर बोंबलणारी एक डबीही झोपायच्या खोलीबाहेर लावून दिली, कारण त्या मेल्याला ना रंग ना वास. आणखीही बऱ्याच सूचना दिल्या, पण मी तिच्यासाठी पेरोगी तळत होते. निम्म्या ऐकल्या, निम्म्या कढईत गेल्या.

घरात इतकी ऊब आहे की मांजर माझ्याकडे फिरकत नाही.

तुम्हा दोघांची
स्टेफाताई

विनिपेग, ता. २८ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

आपली मावसबहीण ओरिस्या तुझ्याकडून परत आली. सांगत होती, तू स्वयंपाकघरात अंगात कोट घालून पीठ मळत होतीस, आणि विचारलं तर म्हणालीस की हल्ली अशीच फॅशन आहे. ताई, तू आयुष्यात कधी फॅशन केली आहेस का? भट्टी चालते की नाही, एवढं एका ओळीत कळव. पैजेपायी गारठून मरू नकोस.

काळजीत असलेला,
मेत्रो

डॉफिन, ता. ९ डिसेंबर

चि. मेत्रोस आशीर्वाद.

एका ओळीत कळवते: भट्टी बंद पडते. तीन आठवडे पडते आहे. मी बटण दाबायची, ती थोडी चालायची, पुन्हा गप्प. तुला कळलं तर घर जाणार, म्हणून रॉझलाही बोलावलं नाही. काल बोटं वाकेनाशी झाली, तेव्हा फोन केला.

ती आली ती भट्टीकडे गेलीच नाही, बाहेरून घराला फेरी मारू लागली. पहिला मोठा बर्फ पडल्या पडल्या मी, बाबा करायचे तसा, चारी भिंतींना खिडकीपर्यंत बर्फ थापून ठेवला होता. ऊब आत राहावी म्हणून आपण सगळेच थापतो. दोन दिवस गुडघा चोळत थापला, आणि काय देखणा बसला होता! रॉझने मला विचारलं, नळ्या कुठे आहेत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

तिने फावड्याने नळ्या मोकळ्या केल्या, आणि मग मला असं झापलं की आपल्या आईने कधी झापलं नसेल. म्हणाली, भट्टीला कोंडल्याचं कळत होतं म्हणून ती आपणहून बंद होत होती, आणि आजीबाई तिला पुन्हा पुन्हा उठवत होत्या. सगळ्याच भट्ट्यांना एवढी अक्कल नसते, हेही तिने ऐकवलं.

मी फार घाबरले रे. घर जाईल या भीतीने मी जिवाशी खेळत होते. आता भट्टी छान चालते, पण पैज ती पैज. वसंतात घर विकायला काढते. हे लिहिताना रडू येतंय, म्हणून इथेच थांबते.

तुझी
ताई

विनिपेग, ता. १६ डिसेंबर

ती. ताईस साष्टांग दंडवत.

डोळे पुस आणि शांतपणे वाच. पॉलीनला दोन आठवडे सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि मळमळ होत होती. फ्लू आहे म्हणून बसलो होतो. तू काळजी करशील म्हणून कळवलं नाही. लपवण्यात मी तुझाच भाऊ.

गुरुवारी तुझं पत्र आलं. मी ते पॉलीनला मोठ्याने वाचून दाखवत होतो, तुला हसत हसत. ‘थापून’ या शब्दापाशी आलो आणि ती ओळ पुन्हा वाचली. ताई, बाबांनी ते मलाही शिकवलंय. आमच्या जुन्या भट्टीला हवा देणारं भोक तळघराच्या भिंतीत आहे, आणि ते मीच गेल्या महिनाअखेरीला बर्फाखाली गाडलं होतं. तुझ्या भट्टीची अक्कल तिला नाही, आणि ती डबी आमच्याकडे नव्हतीच. तुला उपदेश करणारा मी!

गॅसवाल्यांना फोन केला. माणूस विषारी वायू मोजायचं यंत्र घेऊन दारातून आत आला, त्यावरचा आकडा बघितला आणि आम्हा दोघांना सपातांवरच बाहेर काढलं. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, आणखी एक-दोन रात्री त्या घरात झोपला असतात तर उठला नसतात. आता पॉलीन बरी आहे, जेवते, भांडते.

पैजेपायी तू गप्प राहिली असतीस तर मी आज तुला हे पत्र लिहीत नसतो. ती पैज मी फाडून टाकली. आमची नवी भट्टी बसेपर्यंत तुझ्याकडे राहायला शनिवारच्या बसने येतोय.

पॉलीन शेजारी बसून सांगते आहे ते तसंच लिहितो: ताईंना म्हणावं, पुन्हा घर विकायचं नाव काढलंत तर गाठ माझ्याशी आहे.

तुझा,
मेत्रो